पार्लरवालीची मिशी

"केस कोणाला काढायचेत? तुला, का आईला?"

स्वतःच्या ओठावरच्या मिशीवरनं बोट फिरवत ताई पोरींना आधी हेच विचारायची. मगच दोरा हातात घ्यायची. आया भडकायच्या, पोरीला घेऊन परत जायच्या. गिऱ्हाईक गेलं!

आता तुम्हीच सांगा, पार्लरवालीला मिशी! खारी गावात आमच्याच चाळीत, शेजारच्या खोलीत तिचं पार्लर. अख्ख्या गल्लीचं थ्रेडिंग करणार, स्वतःच्या ओठाला दोरा नाय. बायका माझी रिक्षा थांबवून विचारायच्या, "भैया, ये खुद का क्यूँ नहीं करती?" मी काय तिचा मॅनेजर?

एकदा मीच बोललो. म्हणाली, "मला नाय खुपत. तुम्हाला खुपत असेल तर तिकडे बघा, भाऊ."

तिकडे बघितलं तर आरसा. माझ्या दोन्ही कानांतून जंगल बाहेर आलेलं.

मग आमची पोरगी नववीत गेली. वर्गातल्या पोरांनी 'मिशीवाली' म्हणून चिडवलं. शाळा बंद, घरातपण तोंडाला ओढणी. ओढत नेली ताईकडे.

"तुला काढायचेत, का पप्पांना?"

"माहीत नाय," पोरगी पुटपुटली.

"मग माहीत झालं की ये."

"अहो ताई, धंदा करताय का टाइमपास?"

"केस तिचे हायत भाऊ. तुम्ही रिक्षा चालवा."

डोकंच फिरलं. मेडिकलमधनं केस काढायची क्रीम आणली. मला कुठे वाचता येतंय! पोरीने वाचलं, "आधी थोडीशी लावून बघा, लिहिलंय. भाजलं तर, पप्पा?"

म्हटलं, थांब, बापावर बघू. माझ्या मिशीला लावली, एका बाजूला. "बघ, काय होतंय का?" फडक्याने पुसलं. अर्धी मिशी फडक्यात!

पोरगी एवढी हसली, की ओढणी खाली पडली. आवाज ऐकून ताई दारात. "तुम्हाला काढायची होती तर सांगायचं ना, भाऊ!"

उरलेली काढायला निघालो, तर पोरगी म्हणाली, "राहू द्या. उद्या असेच चला मला शाळेत सोडायला."

गेलो. गेटवर सगळी पोरं मलाच बघून खिदळत होती. पोरगी ओढणी माझ्याच हातात देऊन आत गेली.

चाळ पाडायला काढली तेव्हा ताई मुर्धा गावात राहायला गेली. पार्लरचा आरसा मांडीवर घेऊन माझ्याच रिक्षात बसली. मी समोरच्या छोट्या आरशातनं तिच्याकडे बघत होतो. तिने ओठावरनं बोट फिरवलं. "पुढे बघा, भाऊ."

आता मागे पोरगी बसते. कधी थ्रेडिंग करून येते, कधी चार-चार महिने नाय. जीभ वळवळते माझी. आरशात ती ओठावरनं बोट फिरवते.

मी पुढे बघतो.