मऊ होत गेलेला भात

बाळांनो,

तुमच्या तिकडच्या डॉक्टरांच्या अर्जात आजोबांच्या आजाराविषयी विचारलं होतं आणि तुमच्या बाबांनी 'वय झालं होतं' असं लिहायला सांगितलं, हे तुमच्यातल्या थोरलीने मला फोनवर सांगितलं. आजोबा गेले तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता. अर्जात तसं लिहा. पुढचं अर्जात मावणार नाही.

आम्ही तेव्हा डिचोलीत राहत होतो. मी हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायचे. ते सुर्ल्याच्या खाणीवर ट्रकांच्या वजनकाट्यावर होते. तिथली लाल धूळ त्यांच्या कानांत, रुमालात, डब्याच्या झाकणाखालीसुद्धा असे. दिवसाला विड्यांचं एक बंडल लागे. चहा उकळता हवा. एकदा मी कप थोडा वेळ बाजूला ठेवला तर म्हणाले, "थंड करून कित्याक देतंस गो? मी काय आजारी आसंय?"

घरात सगळं जागच्या जागी असावं, हा माझा स्वभाव. आठवड्याच्या जेवणाचा तक्ता मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवत असे. महिना संपला की तो फाईलला लावून नवा करायचा.

कोकणी की मराठी यावरून गोव्यात रान पेटलं होतं, ते वर्ष. आजोबा मराठीच्या बाजूचे आणि मराठीसाठी भांडायचे कोकणीतून. त्या पावसाळ्यात त्यांनी सकाळचा उंडा, पदेर म्हणजे पाववाला आणतो तो कडक गोल पाव, सोडला. "पदेराचे उंडे आताशा दगड जाल्यात," म्हणाले. मी तक्त्यातला उंडा खोडून मऊ पाव लिहिला. मग भाकरी अडकायला लागली; मी घावणे लिहिले. उकड्या तांदळाचा भात उतरेना, तेव्हा मी तांदूळ बदलला आणि पाणी वाढवलं.

जेवताना त्यांना ठसका लागे. सासूबाई म्हणत, "कोण रे इतकी आठवण काढता तुझी?"

ते पाण्याचा घोट घेऊन सांगत, "ट्रकवाले. वजन कमी दाखय म्हणतंत."

आम्ही हसायचो. सासूबाई तर डोळे पुसत हसायच्या.

त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण मी तक्रारीला जागाच ठेवली नाही. शेजारीण एकदा जेवायला होती, ती म्हणाली, "बाईंचो भात म्हणजे लोणी." मला बरं वाटलं होतं. माणसाला काय हवं ते त्याने सांगायच्या आधी ओळखावं, यालाच मी संसार समजत होते. ते बारीक होत होते तेही मी ओळखलं होतं. त्यांच्या पँटी मी कमरेत दोनदा आत घेतल्या.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या दिवशी खाणीवर पेढे वाटले. ते आपला पेढा रुमालात बांधून घरी घेऊन आले. "तू खा," म्हणाले. "माझ्याच्यान पाणीपण गिळूक येणा नाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही पणजीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "घास कधीपासून अडकतो?"

आजोबा म्हणाले, "दोन म्हयने जाले असतले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. उंडा खोडला तेव्हापासूनचे अकरा तक्ते घरी फाईलमध्ये होते. मी म्हटलं, "हो, दोनच महिने."

खरं सांगितलं असतं तर इतके महिने तुम्ही काय करत होता, हा प्रश्न आला असता, आणि तो मला त्यांच्यासमोर नको होता. खरं सांगून तेव्हा गाठ लहान झाली नसती, हे मला कळतं. पण उंडा सोडला तेव्हा ती लहान होती. ते पाच महिन्यांनी गेले. फाईल मी चुलीत घातली.

थोरलीने मला परवा जे समजावलं ते मला समजलं तसं लिहिते. आईवडिलांकडून आलेली जनुकं तीच राहतात. पण तंबाखू, धूर, वर्षानुवर्षं उकळतं पिऊन होणारं भाजणं यांमुळे पेशींतल्या या जनुकांवर रासायनिक खुणा बसू शकतात, आणि गाठीला आवर घालणारी काही जनुकं गप्प होतात. मी विचारलं, आजोबांच्या या खुणा तुझ्या बाबांकडे आल्या असतील का? ती म्हणाली, "त्या बहुतेक नाही, आजी. सवयी मात्र येतात."

तुमचे बाबा उकळता चहा शेगडीजवळ उभे राहूनच पितात. ते त्यांनी कुठे पाहिलं, हे मला विचारू नका.

मे महिन्यात तुमचे आईबाबा इथे आले होते. तुमची आई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, भात जरा मऊच करा हं. यांना आताशा तसाच लागतो." किती मायेने म्हणाली. मी शेगडी बंद केली, तिला बसवलं आणि कोणालाच न सांगितलेलं हे सगळं सांगितलं. तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "दिवाळीपासून."

संध्याकाळी तुमचे बाबा हसले. "ॲसिडिटी आहे गं, आई. गोळी घेतली की उतरतं." मी दुर्बीण घालून तपासून घे म्हटलं. तिकडे गेल्यावर नक्की, म्हणाले.

काल फोन केला. तपासणी मंगळवारी आहे, असं ते म्हणाले. कुठल्या मंगळवारी, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी फोन तुमच्या आईच्या हातात दिला.