शालू माझ्या डोंगरावर गेली

बातमी आली तेव्हा मी शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेषा आखत होते. हातात चुन्याचं घमेलं. शालूच्या नवऱ्याचा, प्रकाशभाऊंचा फोन... "बाई, शालू गेली." तीन दिवसांचा ताप, डोक्यात चढलेला मलेरिया. गडचिरोलीहून नागपूरला हलवलं, पण उपयोग झाला नाही. बेचाळीस वर्षांची वनरक्षक, रोज दहा-बारा किलोमीटर जंगल पायाखाली घालणारी बाई. दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात जो तो एकच म्हणत होता, "एवढा हिमालय चढून आली, अन् मच्छरानं नेलं." मी रडत होते, आणि रडतानाही मनात येत होतं, हिमालय माझा होता. याला आता पाच आठवडे झाले. हे आधी कबूल केल्याशिवाय तिच्याबद्दल मला खरं काही लिहिता येणार नाही.

कारण ते वेड माझंच. खेळाची शिक्षिका म्हणून वीस वर्षं मुलींना मैदानावर पळवलं. पण आपण स्वतः एकदा बर्फावर उभं राहायचं, पंधरा हजार फुटांवरची खिंड ओलांडायची, हे मी कधीपासून घोकत होते. दोन वर्षांपूर्वी मोहिमेचा फॉर्म मी आणला. सोबत हवी म्हणून शालूला ओढलं. "मले कायले पाह्यजे बर्फ? फ्रिजात हाय ना," ती म्हणाली. तरी आली. मार्चपासून दर रविवारी सकाळी धानोरा रस्त्यावरच्या टेकडीवर आमची तयारी सुरू झाली... पाठीवर आधी पाच, मग दहा किलो तांदूळ. नवे बूट पायात मुरावेत म्हणून ती ते घालून ड्युटीवर जायची, मी भाजीबाजारात. मे महिन्यात चंद्रपूरला जाऊन लोकरीचे मोजे मागितले, तर दुकानदार पंख्याखालून उठून आमच्याकडे बघतच राहिला. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं. घड्याळ लावायची मी, आणि पुढे असायची ती. मला ते टोचायचं. तिला ध्यास नव्हता, नुसते पाय होते. माझं नेमकं उलटं.

मग वैद्यकीय दाखल्यासाठी रक्त तपासलं आणि मी सिकलसेलची वाहक निघाले. आमच्या भागात घरोघरी असलेली गोष्ट. मला कधी त्रास झाला नाही, म्हणून मी कधी तपासलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "इथे तुम्ही ठणठणीत आहात. पण तेवढ्या उंचीवर हवा विरळ असते. पेशी वाकड्या झाल्या तर जिवावर बेतेल. मी सही करणार नाही." शालू बाहेर बाकावर बसली होती. ऐकून म्हणाली, "मंग मीबी नाई जात."

"पागल झाली का? तू जाय," मी म्हटलं. एवढं बोलायला किती ताकद लागली ते मलाच ठाऊक... आणि ती खरंच गेली, याचा राग मात्र मी धरून बसले.

जूनमध्ये पहिल्या मुक्कामावरून तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "माया, डोकं फुटून राह्यलं. दोनदा उलटी झाली. लीडर म्हणते, उद्या पाहू. वापस येऊ का?" माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं झालं. "ये ना वापस," मी म्हणाले, "जिवापेक्षा मोठं का हाय?" शब्द मैत्रिणीचेच होते. फोन ठेवून मी चहा केला, साखर जरा जास्त घालून.

ती परत आली नाही. एक दिवस तिथेच थांबली, बरं वाटल्यावर चढली आणि खिंड ओलांडून आली. गडचिरोलीत तिचा सत्कार झाला. अंगात कणकण असल्याचं कळवून मी गेलेच नाही. आठ दिवसांनी तीच माझ्या दारात. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुले एक सांगू? मी वापसच येनार होती. पन फोनवर तुहा आवाज लय खुश वाटला मले. म्हून गेली."

माझी मान वर होईना. "राग नाई आला तुले?"

"आला ना! त्याच रागात तं चढली. नाई तं माह्यानं होत होतं का?" आणि ती अशी हसली की मलाही हसू फुटलं. वर काय दिसलं, हे मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, "लय सुंदर हाय, माया. खोटं नाई सांगत." खोटं सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर दोन वर्षं आमचे रविवार पुन्हा चालू राहिले, अगदी या तापापर्यंत. परवा पहिल्यांदाच मी एकटी टेकडी चढले. अर्ध्या चढावर एक सपाट दगड आहे. तिथे पोचली की शालू नेहमी खाली बसायची, "खडा गेला वाट्टे," म्हणत बूट काढायची, झटकायची, सावकाश पुन्हा घालायची. मी मागून येऊन, टेकून, माझा श्वास जागेवर येईपर्यंत तिचं ते काम काही संपायचं नाही. दर रविवारी खडा, आणि त्याच दगडापाशी. परवा तिथे धापा टाकत बसले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं... मोठेपणातही ती माझ्या पुढेच होती. खरं सांगते, त्याचाही मला हेवा वाटला.

मग मीही एक बूट काढला आणि झटकला. आतून काहीच पडलं नाही.