लकडी पुलावरची झडती

लकडी पुलाच्या चौकीवर माझी नेमणूक झाली तेव्हा मला तिसावं लागलं असेल. नवरा पलटणीत होता. मोहिमेवर गेला, तो परत आला नाही. कोतवालीला बायकांची झडती घ्यायला बाई हवी होती, कारण पुरुषानं बाईच्या अंगाला हात लावायचा नाही असा शिरस्ता. शिबंदीच्या हजेरीत माझं नाव लागलं: सगुणा, झडतीवाली. मला शिपाई म्हणा नाहीतर म्हणू नका. हजेरीला उशीर झाला की बोलणी मात्र शिपायाइतकीच बसायची.

आम्ही चौकीवर नऊ जण होतो. वर खंडूजी नाईक. ते कोथरूडचे, घरची शेती, उंच, बोलणं अगदी मोजकं. पुलाच्या शहराकडच्या तोंडाशी आमची पडवी. पलीकडं नदीकाठानं वाट, मग आमराई, मग शेतं.

झडतीचं काम दिसतं तितकं सोपं नसतं हो. आधी खोपा बघायचा, त्यात बोटभर सुरी सहज मावते. मग ओटी, मग कंबर. हात फिरत असताना तोंडानं गप्पा चालू ठेवायच्या. "मुलं किती? माहेर कुठलं?" बाई बोलायला लागली की तिचं अंग सैल पडतं. अंग ताठच राहिलं तर समजायचं काहीतरी आहे. हे मला कुणी शिकवलं नाही, करता करता कळलं. मेण्यासाठी नाईकांचा हुकूम वेगळा होता. "मेणा खाली टेकवायचा. पडदा सारायचा. आतलं माणूस बघायचं, आणि हात लावून बघायचं. डोळे फसतात."

त्या साली दोन फौजा शहराच्या पूर्वेला समोरासमोर आल्या. कोण कुणाशी आणि कशासाठी, ते बखरी लिहिणारे सांगतील. आम्हाला सकाळी तोफा ऐकू आल्या आणि दुपारनंतर त्या थांबल्या. थांबल्या तेव्हा जास्त भीती वाटली. संध्याकाळपर्यंत कळलं की आमची बाजू मोडली आणि धनी शहर सोडून गेले. मग मोडलेल्या फौजेतली आणि जिंकलेल्या फौजेतलीही सुटी माणसं पेठांत शिरली. दारं फोडायला लागली. लोक पुलाकडं धावले.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांना तसंच सोडलं. त्या गर्दीत लुटारूही पलीकडं गेले आणि आमराईत बसलेल्या लोकांना त्यांनी नागवलं. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे कोतवालीच्या जमादारांचा निरोप आला. नाईकांनी तो आम्हाला तीन वाक्यांत सांगितला.

"हत्यार पलीकडं जाणार नाही. माणूस अडणार नाही. रांग मोडणार नाही."

रांगेत काय काय होतं म्हणून सांगू! एक बाई पाटा-वरवंटा डोक्यावर घेऊन आली होती. मान कलली होती तिची.

मी म्हटलं, "अहो बाई, पलीकडं दगड मिळत नाहीत का?"

"मिळतात. टाकी लावलेले मिळतात का, ते सांगा."

एका आजींच्या बरणीचं फडकं मी सोडायला गेले, तर त्या म्हणाल्या, "लिंबाचं लोणचं आहे. तुझ्या हातानं खराब झालं तर लढाईपेक्षा मोठं नुकसान होईल." मागची चारजणं हसली. त्या दिवसांत माणसं हसत होती, हेही लिहून ठेवायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य कठड्याच्या वर हातभर आला असताना, तो मेणा आला. चार भोई. बरोबर एक गृहस्थ, उपरणं, कपाळाला गंध, पुण्याचं स्वच्छ बोलणं. मेणा खाली टेकला तेव्हा आत काहीतरी किणकिणलं.

मी पडदा सारायला हात पुढं केला.

"थांब," तो गृहस्थ म्हणाला. "आई सोवळ्यात आहेत. मांडीवर देव आहेत. पूजा होईपर्यंत मौन आहे त्यांचं."

"पडदा सारावा लागेल. हुकूम आहे."

"सार की. डोळ्यांना विटाळ नसतो. पण शिवलीस, तर देवांना पुन्हा न्हाऊ कोण घालणार? तुझा नाईक?"

मी पडदा सारला. आत विधवेचं तांबडं आलवण, डोक्यावरून पुढं ओढलेलं. केस काढलेलं कपाळ. मान खाली. मांडीवर रेशमी गाठोडं आणि त्यावर दोन्ही हात. किणकिणलं ती देवांची घंटी असणार, असं माझ्या मनानं मला सांगितलं. जन्मभर मला कुणी ना कुणी म्हणत आलेलं, "लांब हो, शिवू नकोस." विहिरीवर, देवळात, वाड्याच्या मागच्या दारी. ते ऐकलं की माझा हात आपोआप मागं यायचा. तसा तो आला.

नाईक दहा पावलांवर एका गाडीची ओझी तपासत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "सगुणा, हात लावून बघितलंस?"

मी म्हटलं, "बघितलं."

"जाऊ दे."

मेणा उचलला. भोयांचे पाय एकमेकांशी जुळत नव्हते. खरे भोई चालतात तेव्हा आठ पायांचा एक ठेका पडतो. हे माझ्या लक्षात आलं, पण मेणा पुलाच्या मध्यावर गेल्यावर. आणि तेव्हाही मी काही बोलले नाही. बोलले असते तर आधीचं "बघितलं" खोटं ठरलं असतं.

अर्धी घटका गेली असेल. आमराईतून एक बार ऐकू आला. मग बायकांचा आरडाओरडा.

नाईक ओरडले, "हैबती, धोंडू, माझ्यामागं! बाकीच्यांनी पूल धरा. सगुणा, रांग थांबव!"

तिघे धावले. पुलावर तेव्हा शंभरावर माणसं असतील. पुढची मागं वळली, मागची पुढं रेटायला लागली, कठडा करकरायला लागला. मी काठी आडवी धरली आणि ओरडले, "खाली बसा! जिथं आहात तिथं बसा!" पाटा-वरवंट्यासारखंच ओझं घेतलेली एक बाई सगळ्यांच्या आधी बसली. तिच्यामागं बाकीची बसली. नदीत कुणी पडलं नाही. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं एवढंच काय ते चांगलं.

आमराईत आणखी दोन बार झाले. मग काहीच नाही.

नाईकांना लोकांनी परत आणलं, ते त्याच मेण्यात घालून. तांबडं आलवण त्यांच्या पोटावर दाबून धरलेलं होतं. ज्यानं ते नेसलं होतं तो गडी आमराईत मरून पडला होता. चौघा भोयांतले दोघे मेले, दोघे पळाले. गंधवाला सापडला नाही. मेण्याच्या गादीखाली तलवारी आणि बंदुका लपवल्या होत्या, त्याच किणकिणल्या होत्या. गाठोड्यात नुसत्या चिंध्या. हैबती आणि धोंडू जागीच गेले. आमराईतली सात माणसं गेली, त्यांतल्या चार बायका.

नाईकांना पडवीत निजवलं. दुपारी जमादार आले, बरोबर कारकून. कारकुनानं मांडी घातली, टाक बुडवला.

जमादारांनी विचारलं, "मेणा कुणी सोडला?"

मी तोंड उघडलं.

नाईक म्हणाले, "मी सोडला, साहेब."

"झडती?"

"बाई घेत होती. मी घाई केली. राहू दे म्हटलं."

कारकुनानं ते लिहिलं आणि वाचून दाखवलं: नाईकाच्या हुकमावरून मेणा झडतीवाचून सोडला. नाईकांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत हुकूम होता, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. हुकूम नव्हता. ते नुसतं बघत होते. मी तोंड मिटलं, कारण मला बेडी नको होती. झडतीवालीनं हत्यारं सोडली असं ठरलं असतं, तर माझं काय झालं असतं ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. दिवस मावळायच्या आत ते गेले. शेवटी पाणी मागितलं, ते मी पाजलं. दुसरं बोलणं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तिथंच उभी. मेणा आला. आत म्हाताऱ्या बाई, तांबडं आलवण, मांडीवर खरेच देव. मी म्हटलं, "आजी, हात लावावा लागेल." त्या स्वतःच बाहेर उतरल्या, देव आत ठेवले, दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"लाव. नीट बघ. कालच्या नाईकासारखं नको करूस."

मी नीट बघितलं. काही नव्हतं. त्या काठाला गेल्या, थंड पाण्यात बुडी मारली, ओलेत्यानंच परत मेण्यात बसल्या. त्यांची सून आमराईत मारली गेली होती, असं त्यांचा एक भोई मागाहून म्हणाला. मी त्यांनाही काही सांगितलं नाही. तिथून पुढं ते बोलणं पेठांत पसरलं. मंडळी सहज म्हणायची, "तो नाईक नव्हे का, ज्यानं मेणा सोडला?"

शहर निवल्यावर, महिनाभरानं, नाईकांची आई कोथरूडहून चालत चौकीवर आली. पदराला ज्वारीच्या दोन भाकरी बांधलेल्या. एक मला दिली. पडवीत टेकून बसली.

"तू हुतीस न्हवं तिथं?"

"होते, आई."

"गावात म्हंत्यात, खंडूनं न बघता सोडला. मला काय पटंना बघ. माझा खंडू डोळ्यांनी बघितल्याबिगर हातावर मीठबी घेत न्हवता. त्यो असं कसं करंल?"

मी भाकरी हातात धरून बसले होते.

"गर्दी फार होती, आई," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "गर्दी आसंल बाबा," आणि उठली. त्यानंतर दोन पावसाळ्यांनी ती गेली. गावात अजूनही कोणी विषय काढला की "न बघता सोडला" एवढंच म्हणतात. नाईकांच्या नातवंडांनाही तेच ठाऊक आहे.

मी पुढं बारा वर्षं झडती घेतली, आणि चौकीची हजेरी बघून बघून अक्षरंही गिरवायला शिकले. कुणी म्हणालं शिवू नकोस, तरी हात लावला. शिव्या खाल्ल्या, शाप घेतले. त्यानं मागचं काही फिटत नाही, ते मला कळतं. आता मला बेडी घालायला कुणी येणार नाही, आणि आलं तरी माझे दिवस संपत आले आहेत. म्हणून जे कारकुनानं लिहिलं त्याच्याविरुद्ध मी हे माझ्या हातानं लिहिते.

हैबती. त्याला दोन मुली होत्या, आणि तो पुलावर उभा राहून त्यांना हाका मारायचा, नदीपलीकडच्या घरापर्यंत ऐकू जातात का ते बघायला.

धोंडू. चौकीतला सगळ्यात आळशी माणूस. त्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढं धावला.

खंडूजी नाईक, कोथरूडचे. त्यांनी घाई केली नाही. राहू दे म्हटलं नाही. हात लावून बघितलंस का, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी त्यांना खोटं सांगितलं.