रबरी माशाचं शेपूट

शेजारचे दत्ताकाका संध्याकाळी खाडीच्या धक्क्यावर गळ टाकून बसतात. गळाला कोळंबी नसते, बोटाएवढा मऊ रबरी मासा असतो. हातात घेतला तर नुसतं खेळणं, पण पाण्यातून ओढला की त्याचं चपटं शेपूट हलू लागतं आणि तो जिवंत वाटतो.

ऑफिसातून मी परस्पर तिकडेच जातो. घरी आई अंथरुणाला खिळलेली आहे. दार उघडण्याआधी जरा टेकावंसं वाटतं.

पहिल्यांदा काकांनी रॉड दिला तेव्हा मी मासा भराभर पळवला, टवटवीत दिसावा म्हणून. काका म्हणाले, “एवढ्या धडधाकट माशामागे जिताड्यासारखा मोठा मासा लागत नाही रे. तो दमलेला हेरतो.”

काल पुन्हा रॉड घेतला. रीळ फिरवता फिरवता हात थांबायचा, मासा खाली जायचा, मग आठवल्यासारखं मी पुन्हा फिरवायचो. शेपूट जेमतेम हलत होतं.

“आता खरा वाटतोय,” काका म्हणाले. “कसं जमवलंस?”

मी काहीच जमवलं नव्हतं. ऑफिसात टवटवीत दिसण्यात दिवस गेला होता, हातात आता एवढंच उरलं होतं.