उपासकाळातली बदकं

टायफॉइडमधून उठलेली आमची मुलगी काही केल्या जेवेना. तिसरीतली पोर, अंगावर आधीच मांस कमी. तापानं तर नुसती हाडं उरली. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आकडा बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात वजन आणखी उतरलं, तर मी पुन्हा ॲडमिट करून घेणार. मटण-मासळी जड पडेल. रोज अंडं द्या. आवडतं ना बेबीला?"

मी छाती फुगवून हो म्हटलं. अंडं म्हणजे तिचा जीव की प्राण, आणि अंडी करणं हा माझा प्रांत. हॉस्पिटलात सुई टोचताना ती कशी किंचाळली होती ते माझ्या कानांतून गेलं नव्हतं. तिला पुन्हा त्या खाटेवर निजवायचं नाही, एवढंच मी धरून बसलो होतो.

मी शाळेत गणित शिकवतो, पण रविवारी चर्चमधून, मिस्साची प्रार्थना आटोपून आलो की स्वयंपाकघर माझं. ब्रेडला वाटीनं भोक पाडून त्यात अंडं फोडायचं, ती खिडकी. ढोबळ्या मिरचीच्या चकतीत फोडलं की फूल. आप्पेपात्रात गाजराचा कीस घालून केले की गोट्या. पातळ ऑम्लेटच्या बारीक शेवया कापायच्या आणि वरून टोमॅटोचा रस्सा ओतायचा. आमच्या वटार गावात केळीच्या पानांना तोटा नाही. पानाचा द्रोण करून त्यात फेटलेलं अंडं वाफवलं, की ती पान चाटूनपुसून परत द्यायची. हे सगळं आजाराआधी.

आता मात्र ताट समोर आलं की तिचे डोळे हसायचे आणि हात मागे जायचे. "नको पप्पा." खिडकी नको, फूल नको, गोट्या नकोत. भाताचे दोन-चार घास आणि पेजेचे घोट, यावर गाडी चालली होती. मी हट्टाला पेटलो. रोज नवा आकार, आणि रोज तो नको.

माझी बायको बँकेत आहे. तिचा सगळा कारभार सरळ रेषेत. "जेवण म्हणजे खेळणं नाही," ती म्हणायची. "उकड, मीठ-मिरी लाव आणि समोर बसून खायला लाव. तुझ्या लाडांनीच ही चोखंदळ झालीय." मीही कमी नव्हतो. उकडलेलं अंडं कोंबून पोरं वाढत असती तर तुझ्या माहेरी सगळे पहिलवान निघाले असते, असं काहीतरी मी बोलून जायचो. मग ती, मग मी. त्यात उपासकाळ चालू. ईस्टरआधीच्या या दिवसांत आमच्या गावांत प्रत्येकजण आपल्या आवडीची एक गोष्ट सोडतो, कुणासाठी तरी प्रार्थना म्हणून. मी मासळी सोडली होती, तिनं चहा. चहावाचून ती आणि मासळीवाचून मी, म्हणजे घरात ठिणगीचीच काय ती वाट. आम्ही भांडायला लागलो की पोरगी घास गालात धरून बसायची. गिळायचीही नाही, थुंकायचीही नाही.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी बदकं केली. उकडलेल्या अंड्याला गाजराची चोच, लवंगांचे डोळे, आणि खाली पालकाच्या पातळ सुपाचं तळं. तीन बदकं एका रांगेत. पोरीनं बोटानं एकाला हळूच ढकललं, ते तरंगल्यासारखं हललं, आणि तिनं हात मांडीखाली दाबून ठेवला.

"खा," बायको म्हणाली.

"नको."

"उद्या सुई टोचतील. चालेल?"

"तिला घाबरवू नकोस," मी ओरडलो.

"मग तू काय करतोयस? बाहुल्या! पोर वाळून चाललीय आणि तू बाहुल्या करतोयस!" तिनं बदकाची चोच उपटून टाकली आणि अंड्याचा तुकडा पोरीच्या ओठांशी नेला. मी तिचं मनगट धरलं. सूप टेबलभर सांडलं. आम्ही दोघंही एकाच वेळी बोलत होतो, काय ते आता सांगता येणार नाही.

"मी अंडं सोडलंय!" पोरगी एवढ्या जोरात ओरडली की तिला खोकला आला.

मी बायकोचं मनगट सोडलं. उपासकाळ आम्ही जन्मभर पाळलेला. पण पोरंटोरं फार तर चॉकलेट सोडतात, असं आम्ही धरूनच चाललो होतो. काय सोडलं, कशासाठी सोडलं हे कुणाला सांगायचं नसतं आणि विचारायचंही नसतं, तशी रीत. म्हणून विचारलंच नव्हतं. त्यातून तापात पेजेशिवाय काही नव्हतंच, त्यामुळे ताटावरूनही कळलं नाही.

बायकोचा आवाज एकदम खाली आला. "आजारी माणसाला माफ असतं, बाळा. फादरही हेच सांगतील."

"मला माफ नकोय. मग ते होणार नाही."

"काय होणार नाही?"

पोरीनं आधी मम्मीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही भांडायचे थांबणार नाही." आणि मग डोळे पुसत, हिशेब चुकलेल्या पोरासारखी म्हणाली, "मी रोज सोडते. तरी तुम्ही रोजच भांडता."

बायको खुर्चीत बसली ती बसूनच राहिली. मी टेबल पुसलं, बदकं आत नेऊन ठेवली. मग बायकोनं पोरीला विचारलं, दुसरं काय खाशील. खिचडी, ती म्हणाली. मी कुकर लावला, बायकोनं पापड भाजले. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून आम्ही आपल्याच घरात अंग चोरून वावरत होतो.

तिघं जेवायला बसलो. पहिला घास तोंडात गेला आणि माझ्या ध्यानात आलं, मीठ घालायचं राहिलंय. मी मान वर केली नाही. पोरगी खुर्चीवरून माझ्याकडे कलली आणि मम्मीला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाला तोंड लावून घाबऱ्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मीठ राहिलं."

बायकोनं ते ऐकलं होतं. तिनं मोठा घास घेतला. "छान झालीय," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

पोरगी जेवू लागली. चमच्यामागून चमचा खात होती, आणि प्रत्येक घासाआधी आमच्या दोघांची तोंडं बघून घेत होती.