मोरुपने वाळवलेला ओढा

मोरुप चुरपोनला त्या वर्षाचं विचारलं, की तो आधी टोपी काढून डोकं दाखवतो. "एवढं मोठं," म्हणतो, "आणि आत नुसती खडी." मग गोष्ट सांगतो, आणि दर वेळी स्वतःला जरा जास्तच मूर्ख करून सांगतो.

चुरपोन म्हणजे गावाचं पाणी वाटणारा. कुणाच्या शेताचं दारं कधी फोडायचं आणि कधी चिखल-चिंध्या कोंबून बुजवायचं, हे त्याच्या शब्दावर चालतं. आमच्या लडाखात हे काम घराघरांतून फिरतं, पण मोरुपच्या घरी ते आलं आणि एकोणीस वर्षं पुढे सरकलंच नाही. कारण मोरुप बर्फ वाचतो, अशी ख्याती. सकाळी छपरावर उभं राहून, मिठाच्या चहाचा वाडगा हातात धरून, तो माथ्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे डोळे बारीक करून बघायचा आणि जाहीर करायचा, "यंदा पाणी मध्यम." बहुतेक वर्षी पाणी मध्यमच असतं, हे एकोणीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही नाही.

त्या हिवाळ्यात बर्फ असा पडलाच नाही. पट्टा आक्रसून रुमालाएवढा उरला. पेरणीआधी गाव बसलं तेव्हा मोरुप उभा राहिला. मिशा नव्हत्या, नाहीतर ताव दिला असता.

"जुलै संपायच्या आत ओढा आटणार. खालची शेतं पेरू नका. वरच्यांनाच जेमतेम पुरेल."

खालची शेतं अकरा घरांची. त्यांत मोरुपचं स्वतःचं जवाचं शेतही होतं. तेवढ्यात मागून यांगडोल बोलली. ही त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको, आणि खालच्या शेताशिवाय तिच्याकडे दुसरा तुकडा नव्हता. तो तिला आचे, म्हणजे ताई म्हणायचा, आणि ती त्याला नोनो, म्हणजे धाकटा भाऊ.

"मी पेरणार."

"आचे, वर बर्फ नाही. दिसत नाही का तुला?"

"मी वर बघतच नाही, नोनो. मान दुखते. ओढा त्या दगडांच्या राशीखालून निघतो, मी तिथं बघते."

जुन्या काळी हिमनदी मागे हटली तेव्हा टाकून गेलेली ती रास, मैलभर लांब. गवताची काडी नाही तिच्यावर.

"मग काय दगड पिळणार का?" मोरुप म्हणाला. गाव हसलं.

"बर्फाचं पाणी दुपारी चढतं आणि पहाटे उतरतं," यांगडोल म्हणाली. "राशीखालचं सकाळ-संध्याकाळ एकसारखं. जानेवारीत सगळं गोठतं, तेव्हा आम्ही बायका डबे घेऊन कुठं जातो? तिथंच. तू एकोणीस वर्षांत एकदा तरी डबा भरलास का रे?"

या वेळी गाव जास्त हसलं. पण विश्वास ठेवला तो मोरुपवरच. दहा शेतं पडीक राहिली, एक हिरवं झालं.

पुढचा भाग सांगताना मोरुप कान पकडतो. जुलैभर तो रोज सकाळी राशीच्या पायथ्याशी जायचा, ओढा आटला का ते बघायला. ओढा बारीक दिसला की बरं वाटायचं. चांगला दिसला की दिवसभर बायकोवर चिडचिड. गोन्पात, म्हणजे मठात, लोण्याचा दिवा लावला, पण पाणी आटू दे असं चुरपोनाने कोणत्या तोंडाने मागायचं? म्हणून त्याने मागितलं, "जे खरं असेल ते होऊ दे." आणि पुन्हा घाईने, "पण लवकर."

ओढा काही आटेना. ऑगस्ट लागला, तरी पाणी तेवढंच, ना जास्त ना कमी.

यांगडोलची पाण्याची पाळी आली. वरचे म्हणाले, "एका शेतासाठी कशाला पाणी खाली सोडतोस?" मोरुपला तेवढंच निमित्त हवं होतं.

"आचे, उद्या बघू."

उद्या झालं, परवा झालं. तो तिच्या दाऱ्यावर चिखलाचं ढेकूळ हातात घेऊन बसायचा आणि समोर जव पिवळा पडताना बघायचा. अजून एक पाळी चुकली असती, तर तो खरा ठरला असता. या विचाराने त्याला लाज वाटली, पण उठावंसं वाटलं नाही.

शेवटी यांगडोल आली. भांडली नाही.

"नोनो, पाणी आहे. दिसत नसेल तर जाऊन ऐक."

तिला गप्प करायचं म्हणून तो राशीवर चढला, धापा टाकत, आणि मध्यावर आडवा होऊन दगडांच्या फटीला कान लावला. खाली खोल कुठेतरी पाणी वाहत होतं, घाई नसल्यासारखं. कितीतरी वर्षांचे बर्फ वितळून त्या दगडांच्या पोटात मुरले होते आणि बेताबेताने बाहेर येत होते. एकोणीस वर्षं हा माणूस आकाशाकडे बघत त्याच्यावरूनच चालला होता.

उतरताना तो दोनदा घसरून पडला. तसाच जाऊन त्याने यांगडोलचं दारं हाताने फोडलं. वरचे ओरडले, तर म्हणाला, "चुरपोन कोण आहे, मी की तुम्ही?" तो आवाज मात्र जुनाच होता.

कापणी झाली. पहिल्या ओंब्या घरातल्या खांबाला बांधायच्या असतात. मोरुपच्या खांबाला बांधायला जवाची काडीही नव्हती. यांगडोल जुडी घेऊन आली आणि न विचारता बांधू लागली.

मोरुपला राहवेना. "आचे, तुझं पाणी मी मुद्दाम अडवलं होतं."

"ठाऊक आहे. सात दिवस." तिने गाठ आवळली. "वाळलेल्या सात ओंब्या घातल्यात बघ यात. चाचपून बघ, आत दाणा नाही."

दर वर्षी खांबावर नवी जुडी येते आणि जुनी निघते. मोरुपच्या घरात त्या सात पोचट ओंब्या अजून तशाच आहेत. जानेवारीत तो डबा घेऊन बायकांच्या रांगेत शेवटचा उभा राहतो, आणि यांगडोलचा डबा आधी भरतो.