ऐकून राह्यले का?

आमच्या वर्गात पोरं भुताच्या गोष्टी सांगायला लागली की मी त्यांना त्याच गोष्टी इंग्रजीत सांगायला लावतो. दोन वाक्यांत भूत पळतं! गेली तीसेक वर्षं इंग्रजी शिकवतोय, आणि या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही माझं लक्ष भुतापेक्षा शुद्धलेखनाकडेच जायचं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते झालं... आणि खरं सांगू का, मला त्यात भीती वाटलीच नाही. लाज वाटली. अजून वाटते.

राहणार अकोला, जठारपेठ. घराणं वकील-मास्तरांचं. सकाळी शाळा, संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत ट्यूशन. बायको लता, माहेर वलगावचं, कपाशी-तुरीचं घर. लग्न होऊन आली तेव्हा अस्सल वऱ्हाडी बोलायची — मले, तुले, काहून. मी सुधारायचो. ‘मले नाही लता, मला. करून राह्यली नाही, करतेय.’ जेवताना, पाहुण्यांसमोर, रिक्षात... कुठेही. मला वाटायचं मी तिच्यावर उपकारच करतोय.

गेल्या वर्षी शाळेच्या नव्या व्यवस्थापनानं फर्मान काढलं. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायचं असेल तर प्रगत पातळीची इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाहीतर पाचवी-सहावी घ्या. मी मनात म्हटलं, हात्तिच्या! परीक्षा दिली. रीडिंगमध्ये उत्तम गुण. लिसनिंगमध्ये मात्र सपशेल नापास! पुन्हा दिली, पुन्हा तेच. आता एकच संधी उरली होती, आणि स्टाफरूममध्ये मी अजून ‘निकाल यायचाय’ असंच सांगत होतो.

क्लास लावायचा तर अकोल्यात लावणार कसा? ज्यांच्या पोरांना मी शिकवतो त्यांच्याच शेजारी बाकावर बसून? म्हणून अमरावतीला एक क्लास शोधला, दर रविवारचा. लताला सांगितलं, ‘पेपर तपासणीचं काम आहे.’ ती ‘बरं’ म्हणाली. अलीकडे ती एवढंच बोलायची. घरात शांतता असायची, आणि मला वाटायचं, चला, संसाराला एकदाचं वळण लागलं.

पहिल्याच रविवारी वर्गात शिरलो तर शिकवायला उभी कोण? प्राजक्ता! माझीच विद्यार्थिनी, दहावीला मी तिला निबंध पुन्हा पुन्हा लिहायला लावला होता.

‘सर! तुम्ही? इथे?’

‘सहज. तुझी शिकवण्याची पद्धत बघायला आलो,’ मी म्हटलं. थाप मारावी तर अशी. ती पोरगी हुशार. तिनं गुपचूप पुढच्या रांगेत खुर्ची दिली आणि प्रश्नपत्रिका हातात ठेवली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या परीक्षेत ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात. आधी प्रश्न वाचायला थोडा वेळ, मग संभाषण, मग थोडी शांतता, मग तेच पुन्हा. गाळलेल्या जागी एक शब्द लिहायचा. सोपंच आहे की! एका उताऱ्यात कोणी शेतकरीण सांगत होती की आम्ही दरवर्षी अमुक अमुक जपून ठेवतो. मी लिहिलं ‘वीड्स’. उत्तर होतं ‘सीड्स’.

‘सर, बाईंनी तण जपून ठेवलं?’ प्राजक्ता म्हणाली, आणि आख्खा वर्ग खो-खो हसला. सगळी विशीतली पोरं. मी पण हसलो. हसण्यावारी न्यायचं नाही तर काय करायचं? मनात म्हटलं, या गोऱ्या लोकांचे उच्चारच गुळमुळीत.

ज्या रविवारी ते घडलं त्या दिवशी संगणकावर सराव परीक्षा होती. फोन सगळ्यांचे दाराजवळच्या टोपलीत, बंद करून. प्रत्येकाच्या कानावर जाडजूड हेडफोन, वायरचे. दुपारची वेळ, जेवणाची सुट्टी अजून व्हायची होती. पहिलं ऐकणं झालं. निम्म्या जागा कोऱ्या होत्या, घाम फुटला होता. मग ती मधली शांतता आली. नुसती हलकी खरखर.

आणि त्या खरखरीतून, अगदी कानाशी, डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ —

‘अहो... ऐकून राह्यले का? मीठ संपलं.’

स्वच्छ! इतका स्वच्छ आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. एकेक अक्षर, ‘स’सुद्धा. आणि मी काय केलं असेल? भर वर्गात मोठ्यानं ओरडलो —

‘हाव, आणतो ना!’

मी! ज्यानं आयुष्यभर लोकांना ‘हाव नाही, हो’ म्हणून शिकवलं, तो मी!

सगळ्यांनी हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी फिसकन हसलं. प्राजक्ता धावत आली, ‘सर, बरं वाटत नाही का?’ मी तिला हळूच विचारलं, रेकॉर्डिंगमध्ये मराठी काही आहे का? तिनं माझा हेडफोन लावून तो भाग पुन्हा ऐकला. मग दुसऱ्या हेडफोननं ऐकला. मग मला ऐकवला. नुसती खरखर. शेजारच्या मुलालाही काही ऐकू आलं नव्हतं, माझी आरोळी सोडून.

कान तापले होते. पेपर तसाच टाकला, टोपलीतला फोन घेतला आणि एसटी स्टँड गाठलं. बसमध्ये स्वतःला समजावत होतो — थकवा आहे, उपाशी आहेस, भास झाला. मूर्तिजापूर गेलं तोवर ते पटलंही होतं. पण अकोल्याला उतरून घराकडे येताना किराणा दुकान लागलं, आणि मी एक मिठाचा पुडा घेतला. का घेतला, विचारू नका. ‘आणतो’ म्हटलं होतं, एवढंच.

लता ओट्याशी होती. मी पुडा पुढे ठेवला. तिनं पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘तुमाले कोनं सांगतलं?’

‘काय?’

‘मीठ सरलं म्हणून. दुपारी पोळ्या करता करता सवयीनं आवाज देला तुमाले. अहो, ऐकून राह्यले का, मीठ संपलं. मंग आठवलं, तुमी तं अमरावतीले. माहंच मले हासू आलं.’ पुडा उचलत म्हणाली, ‘शेजारून वाटीभर आणलं मंग. पन तुमाले कोनं सांगतलं?’

मी खाली बसलो, तिथेच, स्वयंपाकघरात. एरवी मी तिथे बसत नाही, माझी जागा पुढच्या खोलीत, पेपर घेऊन पंख्याखाली. लतानं पाणी दिलं आणि पुन्हा ओट्याकडे वळली. मी तिच्याकडे बघत होतो. थोड्या वेळानं मला दिसलं की तिचे गाल हलताहेत. ती बोलत होती. माझ्याकडे पाठ करून, भाजी परतता परतता बोलत होती, आणि मला कढईच्या आवाजापलीकडे काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

‘लता, तू आत्ता बोलतेयस?’

ती वळली. ‘मंग? माहं बोलनं तं चालूच रायते. तुमी कुठं उत्तर देता!’

‘कधीपासून?’

‘काय कधीपासून? पह्यले उत्तर तरी देत होते. मंग ते बी बंद झालं. मले वाटलं, तुमाले माहं बोलनं आवडत नाही म्हणून देत नाही. मंग मीनं समोर बोलनं कमी केलं. बरं म्हटलं का झालं.’

घरातली ती शांतता! जिचं मी मनातल्या मनात श्रेय घेत होतो, ती शांतता माझ्या कानातली होती.

आता सगळं सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो. ट्यूशनमध्ये माझा एक हुकमी विनोद होता. वऱ्हाडी पोरं इंग्रजी कशी बोलतात? ‘आय अॅम लिसनिंग अँड रिमेनिंग.’ म्हणजे — मी ऐकून राहिलो! पोरं लोटपोट व्हायची. हा विनोद मला सुचला कुठून, हे वेगळं सांगायला नको. लताच्या तोंडूनच उचललेला. तिला इंग्रजी येत नाही म्हणून मी निर्धास्त होतो.

त्या संध्याकाळी मी तिला अमरावतीचं सगळं खरं सांगितलं — नापास झाल्याचं, क्लासचं, हेडफोनमधल्या आवाजाचं. ‘तू म्हणालीस, ऐकून राह्यले का...’ तर तिनं मला मधेच थांबवलं.

‘तुमची पोरं गेटापाशी चपला घालता घालता म्हणतात ना ते? लिसनिंग रिमेनिंग?’

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

‘मले इंग्रजी समजत नाही,’ ती म्हणाली, ‘पन कोन आपल्यावर हासून राह्यलं, हे समजाले भाषा लागत नाही.’

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे बघत, भाजी ढवळता ढवळता म्हणाली, आणि नव्या पुड्यातलं मीठ घातलं. धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं मला.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले. म्हणाले, दोन्ही कान बरेच गेलेत, विशेषतः बारीक आवाजांसाठी. स, फ, श असली अक्षरं तुम्हाला ऐकू येतच नसणार. पंखा चालू असताना दुसऱ्या खोलीतून बायकोनं हाक मारली तर ऐकू येणं कठीण. मी विचारलं, डॉक्टर, कान खराब असले की भास होतात का? ‘होतात. शिट्ट्या, घंटा, भुंगा, कधीकधी गाणीही.’ मी म्हटलं, आणि घरात मीठ संपल्याचं कळतं का? ते हसले. पुढचा पेशंट बोलावला.

आता कानात मशीन आहे. प्राजक्ताला फोन करून खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, ‘सर, मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. पण तुम्हाला कसं विचारणार?’ दहावीत मी प्रश्न विचारणाऱ्यांना काय बोलायचो ते तिला आठवत असणार. ट्यूशनमधला विनोद बंद केला. पोरांना कारणही सांगितलं, सांगताना मान वर झाली नाही. शेवटची संधी पुढच्या महिन्यात आहे. पास झालो तर वरचे वर्ग, नाहीतर पाचवी-सहावी. आता त्याचं एवढं वाटत नाही, असं म्हणणार होतो, पण वाटतं.

एवढं सगळं होऊनही त्या आवाजाचा उलगडा काही होत नाही. वायरचा हेडफोन, फोन बंद, मधे शंभर-एक किलोमीटर अंतर. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त माझी समजूत काढायला लिहू नका.

मशीन बसवलं त्या दिवशी डॉक्टरांनी दिलेला कानांच्या आलेखाचा कागद मी घरी आणून लतापुढे धरला होता. जरा उत्साहानंच. म्हटलं, बघ, माझा दोष नव्हता, कान खराब होते!

तिनं कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

‘कान खराब होते, तं अमरावतीहून कसं आयकू आलं?’

‘तेच तर कळत नाही.’

‘आन् कान चांगले होते तवा?’ ती म्हणाली. ‘तवा तं तुमी माह्या चुकाच आयकत होते.’

तिनं कागदाची नीट घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून हाक आली. मशीन नवं होतं, आवाज जरा पत्र्यासारखा वाटला, पण आला.

‘अहो, ऐकून राह्यले का?’

‘हाव,’ मी म्हटलं, ‘ऐकून राह्यलो,’ आणि उठून आत गेलो.